पाण्याचा आग्रह आवरा

प्रति,
सातारा आणि आसपास धावण्याच्या शर्यती भरवणारी सगळी मंडळी, आणि त्या शर्यतींत पाण्याच्या टेबलामागे उभे राहणारे स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमचा ग्रुप लाँग रनला यवतेश्वरच्या घाटात होता. धुकं इतकं दाट की पुढच्या वळणावरचा माणूस दिसत नव्हता, नुसता त्याच्या बुटांचा आवाज येत होता. घाट संपता संपता ग्रुपमधल्याच एकाने टेबल लावलं होतं. त्याचा मुलगा, असेल नववी-दहावीतला, बाटली घेऊन माझ्या शेजारून पळायला लागला. "काकू, घ्या ना. अहो, थोडं तरी घ्या. एकच घोट!" मी मानेने नको म्हटलं. तो आणखी वीस पावलं आला. शेवटी पोराचा हिरमोड नको म्हणून मी बाटली घेतली, तोंडाला लावल्यासारखं केलं आणि पुढच्या कठड्यावर ठेवून दिली.

त्या पोराची चूक काहीच नाही. आपण सगळे असेच वाढलो. घरी आलेला माणूस चहा न घेता उठला तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. पंगतीत पानावर आडवा हात धरला तर हाताच्या फटीतून आमटी वाढणारी माणसं आपण. लोणंद-फलटणकडून माउलींची पालखी जाते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक वारकऱ्यांच्या हातात भाकरी-पिठलं अक्षरशः कोंबतात, आणि शर्यतीच्या टेबलामागचा तुमचा उत्साह त्याच मातीतला आहे हे मला कळतं. वारकरी झाडाखाली बसतो, खातो, पाणी पितो, घटकाभर पडतो आणि मग उठतो. पळणाऱ्याच्या पोटाला ती सवड नसते. आग्रह आपल्या रक्तातच आहे म्हणतात. पळणाऱ्याच्या रक्ताला मात्र तो झेपत नाही, आणि हे मी स्वतःच्या अंगावर शिकले.

मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आणि आकडे बघते. धावायला लागले वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, म्हणजे तशी उशिराच. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात माझी पहिली फुल मॅरेथॉन झाली. गाव नि शर्यतीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी जे केलं तेच तेव्हा सगळीकडे चालायचं, आणि अर्धा दोष माझा होता. सगळ्यांनी बजावलं होतं, "तहान लागायची वाट बघू नकोस, तहान लागली म्हणजे उशीर झाला." मी शहाण्या मुलीसारखी प्रत्येक टेबलावर थांबले. ४२ किलोमीटर, पाच तास वीस मिनिटं, आणि एकही टेबल चुकवलं नाही. तिसाव्या किलोमीटरनंतर बोटातली अंगठी रुतायला लागली. पोट डचमळत होतं, चालताना आतलं पाणी ऐकू येत होतं. पस्तिसाव्याला डोकं ठणकायला लागलं. शेवटची रेषा ओलांडली आणि उलटी झाली, नुसती पाण्याची. तिथल्या एका भल्या माणसाने माझ्या पाठीवर हात फिरवत सांगितलं, "डिहायड्रेशन झालंय मॅडम, अजून पाणी प्या." मी प्यायले!

संध्याकाळी माझी बडबड ऐकून नवऱ्याने मला दवाखान्यात नेलं. मी त्याला तीनदा विचारलं म्हणे, की गाडी कुठे लावली. रक्त तपासलं तेव्हा सोडियम १२४ होतं. निरोगी माणसाचं १३५ ते १४५ असतं. आमच्या लॅबमध्ये असा आकडा आला की आम्ही रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, थेट डॉक्टरांना फोन लावतो. सकाळी हॉटेलातल्या काट्यावर मी ५४ किलो भरले होते, दवाखान्यात भरले ५५.५. पाच तास पळून माझं वजन दीड किलोने वाढलं होतं. ते दीड किलो म्हणजे निव्वळ तुमच्यासारख्या प्रेमळ माणसांनी पाजलेलं पाणी.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले. असं होणारी मी पहिली नव्हे, फार मोठी रांग आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी शेवटच्या रेषेवर ४८८ जणांचं रक्त तपासलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि तिघांचं १२० किंवा त्याखाली, म्हणजे जिवावर बेतावं इतकं. त्याच शर्यतीत अठ्ठावीस वर्षांची एक धावपटू याच कारणाने गेली. कोण जास्त धोक्यात, हेही त्या अभ्यासातून दिसलं: ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं ते, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले ते. पहिल्या नंबरवाले नव्हेत. त्यांना प्यायला वेळच नसतो. सापडतात ती मागची माणसं, सावकाश पळणारी, लहान चणीची, आज्ञाधारक.

आतमध्ये होतं काय, तर दीर्घ श्रमात शरीर पाणी राखून ठेवायचा हुकूम देतं. मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी करतात. एरवी दोन तांबे पाणी जास्त झालं तर तासाभरात निघून जातं, पळताना ते आतच साठतं. रक्त पातळ होतं, सोडियम उतरतं आणि पाणी पेशींमध्ये शिरायला लागतं. बोटं सुजली तर अंगठी रुतते, एवढंच. मेंदू सुजला तर त्याला कवटीत पसरायला जागा नाही. डोकेदुखी, उलटी, बरळणं, झटके, या क्रमाने ते चढत जातं.

आणि लक्षणं दिसायला डिहायड्रेशनसारखीच, हीच त्यातली गोम.

"तहान लागायच्या आधी प्या" हे आलं कुठून, याचीही एक गंमत आहे. जुन्या काळी उलटं होतं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये उन्हाचे आणि धुळीचे हाल सोसत मॅरेथॉन झाली, रस्त्यात पाणी मिळायच्या जागा जेमतेम दोन, आणि निघालेल्या ३२ पैकी १४ जण पोचले. जो जिंकला त्याला वाटेत स्ट्रिक्नीन आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्यातलं विष! पाणी पिणं हा तेव्हा कमकुवतपणा समजत. मग लंबक दुसरीकडे गेला. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात खेळाडूंसाठी गेटोरेड तयार झालं, त्यातून पेयांचा मोठा धंदा उभा राहिला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थेने ताशी ६०० ते १२०० मिलिलिटर प्या असं सांगितलं. पन्नास किलोच्या बाईने तासाला सव्वा लिटर? २००७ मध्ये त्याच संस्थेने सूर बदलला: वजन वाढेल इतकं पिऊ नका, आणि दोन टक्क्यांहून जास्त घटूही देऊ नका. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत मात्र अजून जुनंच वाक्य एकावरून दुसऱ्यात उतरवलं जातं.

आता आपल्या घाटाचा हिशोब मांडते. समजा हाफ मॅरेथॉन आहे, म्हणजे २१ किलोमीटर, दर दोन किलोमीटरला टेबल, म्हणजे जाऊन-येऊन दहा. दहा टेबलांवर दीडशे मिलिलिटरचा एकेक पेला. दीड लिटर झालं. सुटायच्या आधी "टाकी भरून घेऊ" म्हणून अर्ध्या लिटरची बाटली. दोन लिटर. चढ चालत, उतार जपून पळत ही बाई तीन तासांत येते. पावसाळ्याच्या शेवटी घाटात धुकं, भुरभुर आणि गारवा. अशा हवेत सावकाश जाणाऱ्या लहान चणीच्या बाईचा घाम तासाला चार-पाचशे मिलिलिटर धरा, म्हणजे सगळा मिळून सव्वा ते दीड लिटर. अर्धा लिटर शिलकीत. हाफला यात कोणी मरत नाही, खरं आहे. पण हीच बाई पुढच्या वर्षी फुलला जाते, त्याच्या पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्सला, आणि सवय इथल्या घाटात लागलेली असते. कॉम्रेड्सच्या धावपटूंमध्येच हा प्रकार प्रथम नीट नोंदवला गेला, १९८५ साली.

"आम्ही साधं पाणी कुठे देतो, इलेक्ट्रोलाइट देतो" असं कुणीतरी म्हणणार. बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला वीसेक मिलिमोल सोडियम असतं. रक्तात एकशे चाळीस. म्हणजे ते पेयही रक्तापुढे पाणीच. भरमसाट प्यायलं तर रक्त तेवढंच पातळ होतं, फक्त संत्र्याच्या वासाने.

इलेक्ट्रॉलच्या पाकिटाचं तर विचारूच नका. ते २१.८ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी आहे, पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं असतं. मी स्वतः पाहिलंय, एक स्वयंसेवक अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळून थकलेल्या माणसाला देत होता, "स्ट्राँग केलंय" म्हणून. इतकं दाट द्रावण पोटात गेलं की आतडी उलट अंगातलंच पाणी ओढून घेतात. मळमळ होते, पोट धरून बसावं लागतं. आणि घाटात बसायला जागा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

या पाकिटामागची गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. ते चाललं, कारण आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि मागोमाग पाणी ओढतात. एकटं मीठ किंवा एकटं पाणी तितकं झरझर जात नाही. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. म्हणून कुणी "साखर म्हणजे विष, आम्ही शुगर-फ्री गोळ्या ठेवल्यात" असं अभिमानाने सांगितलं की मला त्या छावणीतली पिंपं आठवतात. ऑफिसात खुर्चीवर बसून चौथ्या चहात साखर घेणं वेगळं, आणि दोन तास चढणाऱ्या पायांना साखर देणं वेगळं. पळणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. (ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. पण त्यांच्यासाठीसुद्धा टेबलावर साखर हवीच, कारण त्यांची साखर वाटेत उतरली तर दुसरं काय देणार आहात?)

तर माझी तक्रार अशी की आपल्या टेबलांवर पाणी बदाबदा असतं, आणि खायला? पाचव्या टेबलावर अर्धवट काळी पडलेली केळी, सातव्यावर ऑरेंजच्या गोळ्या. बाकी सगळं शेवटच्या रेषेपलीकडे. तिथे पोहे, उपीट, मिसळ, पेढे, फोटो.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखर साठलेली असते, ढोबळमानाने दोन हजार कॅलरींची शिदोरी. पळायला लागतात वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी. साठ किलोचा माणूस हाफमध्ये साडेबाराशे-तेराशे जाळतो, चढाचे वेगळे. म्हणजे पोटभर जेवून नीट झोपून आलेल्याला हाफ तसा शिदोरीवर काढता येतो. फुल नाही. तिथे तिसाव्या किलोमीटरच्या पुढे शिदोरी संपते, पाय शिशाचे होतात, त्यालाच वॉल लागली म्हणतात. हे काही कालचं ज्ञान नाही. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी पोचलेल्या काही जणांचं रक्त तपासलं, तर जे सगळ्यात गलितगात्र होते त्यांची साखर उतरलेली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय खायला घातलं आणि वाटेत टॉफ्या दिल्या. माणसं बऱ्या अवस्थेत पोचली. शंभर वर्षं झाली की हो!

आज जे सांगतात ते असं: एक ते अडीच तासांच्या धावेला ताशी ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्ट. त्याहून लांब पळायचं असेल आणि पोटाला सराव असेल, तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून नव्वदपर्यंत. दोन्ही का, तर आतड्यात दोघांची दारं वेगळी आहेत. एकट्या ग्लुकोजचं दार ताशी साठ ग्रॅमच्या आसपास तुंबतं. आणि आपली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. परदेशी जेलच्या (पळताना चोखायच्या गोड लगद्याच्या) पुडीत जे मोजून घातलेलं असतं त्याच्या फार लांब काही नाही.

म्हणून टेबलावर काय ठेवावं याचा मी दोन वर्षं ग्रुपवर प्रयोग केला. गिनिपिग म्हणून नवरा आणि ग्रुपमधले दोघे.

तासगावचे बेदाणे सगळ्यांत सरस निघाले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातला माल, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि आपण मात्र परदेशी जेलच्या पुड्या मागवतो. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम बेदाण्यांत वीसेक ग्रॅम साखर. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, अकरा धावपटूंवर. ऐंशी मिनिटं पळून मग पाच किलोमीटर जोरात पळायचं. बेदाणे खाणारे आणि विकतच्या चघळायच्या गोळ्या खाणारे सारखेच पळाले, आणि दोघेही नुसतं पाणी पिणाऱ्यांपेक्षा मिनिटभर लवकर आले. एकच सांभाळायचं. बेदाणे आधी धुऊन, निथळून, कागदाच्या छोट्या पुडीत बांधायचे. वाडग्यातून घामट हाताने सगळ्यांनी उचलले तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वेगळीच चर्चा होते.

दुसरा नंबर मिठात घोळलेल्या उकडलेल्या बटाट्याचा. कॉम्रेड्सच्या रस्त्यावर हे मिळतं, आपल्याकडे का नाही मला कळत नाही. सालं काढून एका घासाचे तुकडे करायचे आणि वरून मीठ भुरभुरायचं. गोड खाऊन तोंड विटलं की हा तुकडा अमृतासारखा लागतो. केळं चांगलंच, एका मध्यम केळ्यात साखर आणि पिष्ट मिळून पंचवीस ग्रॅमच्या आसपास, पण अर्धं कापून, सालासकट, आणि पिकलेलं. गुळाचा खडा चालतो, दहा ग्रॅमला जवळजवळ नऊ ग्रॅम साखर, पण त्याच्यासोबत दोन घोट पाणी हवं.

राजगिऱ्याचा लाडू टेबलावर नको. घरी मला फार आवडतो. चढावर धापा टाकताना त्याचा भुगा घशात गेला की माणूस खोकून बेजार होतो. चिक्की दातात बसते. शहाळ्याबद्दल लोकांच्या मनात फार श्रद्धा आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामाचं नेमकं उलटं. शर्यतीनंतर प्या खुशाल. उसाचा रस आपल्या भागातला, पण तो तसाच दिला तर फार दाट होतो, निम्मं पाणी घालावं लागतं आणि तासाभरात काळा पडतो. नाद सोडला. आणि कंदी पेढा! सातारकर असून हे लिहायला हात धजत नाही, पण भाजलेल्या खव्यात जे दूध-तूप असतं ते पळताना पोटात दगडासारखं बसतं. पेढा शेवटच्या रेषेनंतर. तिथे दोन द्या, माझी हरकत नाही.

इथे तालमीतल्या मंडळींशी माझा नेहमी वाद होतो. आपला भाग खाशाबा जाधवांचा, कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, त्यामुळे खुराक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बदाम, तूप, दूध आणि थंडाई. पैलवानाला ते शोभतं. त्याला अंगात ताकद साठवायची आहे. पळणाऱ्याला पहाटे चारला थंडाईचा तांब्या पाजला तर ती घाटातल्या तिसऱ्या वळणावर परत भेटते. आदल्या रात्रीचं मटणही तसंच. "कार्बो लोडिंग करतोय" म्हणत रस्सा ओरपणारे मी पाहिलेत. त्यात कार्ब (म्हणजे पिष्ट) असतो तो फक्त सोबतच्या भाकरीत. माझं विचाराल तर रात्री लवकर मऊ भात, मुगाचं पातळ वरण, आणि पहाटे सुटायच्या अडीच-तीन तास आधी दुधातली दशमी गुळाबरोबर. पहाटे अजिबात उपाशी येऊ नका, कारण रात्रभरात यकृतातली साखर बरीच उतरलेली असते. संकष्टीचा उपास सोडून या किंवा शर्यत सोडा, एक काहीतरी.

पेयाचं माप लिहून देते, फलकावर लावा. एक लिटर पाण्याला चहाचे दहा-बारा सपाट चमचे साखर, पाव ते अर्धा चमचा मीठ, दोन लिंबं. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अर्ध्या चमच्याच्या आसपास. कुणाचं निम्मं, कुणाचं दुप्पट. ज्यांच्या काळ्या टोपीवर पांढरे नकाशे उमटतात ते दुप्पटवाले. पोटरीत गोळा आला की मीठ चाटवायची आपल्याकडे पद्धत आहे, चाटवा, पण गोळे बहुतेकदा थकलेल्या स्नायूमुळे येतात. थांबून पोटरी ताणली तर मिठाआधी आराम पडतो.

टेबलं कुठे लावायची, यावर बैठकीत फार कमी बोललं जातं. जिथे गाडी लावता येते तिथे टेबल लागतं. खाण्याचं टेबल चढ सुरू व्हायच्या आधी हवं, समर्थ मंदिराच्या अलीकडे कुठेतरी, कारण चढावर धाप लागलेली असताना कुणाला चावता येत नाही आणि खाल्लेलं पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुसरं वर सपाटीवर. उतारावर खायला देऊ नका, तिथे पोटात सगळं उसळतं. आणि टेबलाच्या शंभर मीटर आधी एक फलक लावा, टेबलावर काय आहे ते लिहून. माणसाला ठरवायला वेळ मिळतो, रस्त्यात आडवी गर्दी होत नाही.

माझ्या या पत्राचा अर्थ पाणी कमी ठेवा असा कुणी काढला तर मला फार वाईट वाटेल. आधीच आपल्याकडे पुढच्यांना सगळं मिळतं आणि शेवटच्या शंभर जणांना रिकामे क्रेट. कट-ऑफच्या, म्हणजे शर्यत संपवायच्या ठरलेल्या वेळेच्या, जरा आधी येणारी माणसं सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर असतात, त्यांच्यासाठी पाणी बाजूला काढून ठेवायलाच हवं. एप्रिल-मेमधल्या शर्यतीत, माण-खटावच्या उन्हात, कमी पिणंही तितकंच वाईट. तिथे ऊन लागून कुणी बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला पाजत बसू नका. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, निदान गार पाण्याने भिजवून पंख्याखाली घ्या, मग दवाखाना. पाणी ठेवा भरपूर. फक्त मागेल त्याला द्या. हात पुढे करून उभं राहा, तोंडाने "पाणी आहे, मीठ-लिंबू आहे, बटाटा आहे" एवढंच म्हणा. "प्या" म्हणू नका.

मेडिकल तंबूत वजनकाटा ठेवा, आणि बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, मागे सकाळचं वजन लिहायला सांगा. शेवटी कुणी डोकं धरून बसलं आणि वजन सकाळपेक्षा वाढलेलं दिसलं, तर त्याला पाणी देऊ नका, साधं सलाइन लावायची घाईही नको. डॉक्टरांना मी काय शिकवणार, पण तीव्र लक्षणं असतील तर तीन टक्क्यांच्या दाट सलाइनचा छोटा डोस देतात हे २०१५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात आहे, आणि ते सलाइन तंबूत आधीपासून असावं लागतं. रेषा ओलांडताच जो घेरी येऊन बसतो त्याचं बहुधा तसं काही नसतं. पाय थांबले, पोटऱ्यांचा पंप थांबला, रक्त खाली साठलं. आडवं निजवा, पाय वर उचलून धरा, पाच मिनिटांत उठून फोटो काढायला जातो.

आणि वेदनाशामक गोळ्या वाटणं बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुठलीच नाही. पळताना घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि सोडियम उतरायचा धोकाही वाढतो. मी दोन टेबलांवर हे डबे बघितलेत, बिस्किटांच्या शेजारी.

अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचं काय करायचं तेही ठरवा. तीन घोट घेऊन बाटली कासच्या रस्त्याच्या गटारात जाते, आणि ज्या कास तलावाचं पाणी अर्धं गाव पितं त्याच रस्त्यावर आपण हे करतो. प्रत्येकाने आपला पेला आणावा, पिंपाच्या नळातून घ्यावं. थांबायला पाच सेकंद लागतात.

पुढच्या बैठकीला मी येते. एका टेबलाचे बटाटे माझ्याकडे, घरच्या दोन मोठ्या कुकरांत पंधरा किलोपर्यंत निघतात, त्याच्या वर लागले तर आधी सांगा. वजनकाटा लॅबमधला जुना आहे, चालू स्थितीत, तो आणते. आणि त्या नववीतल्या पोराला माझ्याच टेबलावर द्या. पोरगा चांगला पळतो.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलीच एक,
सातारा